सायराबानूच्या विरजणाबाबत कबुली व व्यवस्था

मी, महंमद हनीफ अब्दुलरहीम मोमीन, वय ७४, दही-पनीरचा व्यापारी, राहणार जुन्नर, हा कागद राजीखुशीने लिहून ठेवतो. किडन्या निकामी झाल्या आहेत, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला पडून राहावे लागते. बुद्धी शाबूत आहे. विसरावे म्हटले तरी विसरत नाही.

१. घर व दुकान मुलगा फुरकान व मुलगी उजमा यांच्यात शरियतप्रमाणे वाटले जावे.

२. दुकानामागची खोली उजमाला तिच्या कामासाठी जादा द्यावी. वारसाला जादा देण्यास दुसऱ्या वारसाची संमती लागते, म्हणून फुरकानची सही खाली घेतली आहे.

३. खोली का, ते लिहितो. माझी मरहूम पत्नी सायराबानू हिने घोडेगावच्या माहेरून विरजण आणले होते. त्याच्या दह्याला उन्हाळ्यातही आठ दिवस बुरशी येत नसे. उजमा पुण्याला सूक्ष्मजीवशास्त्र शिकली. तिने शोधले की त्यातले जंतू एक द्रव्य सोडतात आणि त्याने नासवणारे जंतू वाढत नाहीत. एरवी पाच दिवसांत चिकट होणारे पनीर तिने त्या द्रव्यावर तीन आठवडे टिकवले. मला म्हणाली, "अब्बा, अम्मीने सांभाळलेले हे जंतू मला दुसरीकडे कुठेच मिळाले नाहीत."

पुढे तिच्या प्रयोगशाळेतला फ्रीजर बंद पडला, सगळे नमुने मेले. तिने घरचे विरजण मागितले. ते नव्हते. सायराबानूला जाऊन दोन महिने झाले होते आणि तिच्यामागे तिचे विरजणाचे मडके मला बघवेना, म्हणून चौथ्या दिवशी मी ते सोडा व उकळत्या पाण्याने धुतले होते. उजमाने फोनवर विचारले, "कुणी धुतलं?" माझ्या तोंडून निघाले, "फुरकानने."

सायराबानूकडून डिंगोऱ्याच्या साळुबाई विरजण नेत असत. उजमाला घेऊन तिथे गेलो. साळुबाई म्हणाल्या, "सुनंनं पाकिटाचं दही मिसळलं त्यात, लई दिस झालं. त्ये आता न्हाई ऱ्हायलं, भाऊ." तरी उजमाने वाटीभर नेले, चार महिने तपासले. काही निघाले नाही. तिचे संशोधन बंद झाले.

त्याला दोन वर्षे झाली. ती भावाशी बोलत नाही. खरे सांगायला मी कितीदा फोन लावला, आणि दरवेळी जेवलीस का एवढेच विचारून ठेवला. माझ्यामागे हे कलम तिला वाचून दाखवावे.

४. दुकानावरची 'घरचे दही' ही पाटी उतरवावी. मडके धुतल्यापासून दही पाकिटाच्या विरजणाचे असूनही ती मी लटकत ठेवली.

५. संमतीसाठी फुरकानला हा कागद दिला. मडक्याचा मजकूर त्याने दोनदा वाचला. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं, अब्बा. तुम्ही धुताना मी दारात होतो."

बहिणीला का नाही सांगितलेस, असे मी विचारले.

"मग तिनं तुमच्याशी बोलणं सोडलं असतं."

सही करून तो गिऱ्हाईक बघायला गेला. मला त्याला हाक मारता आली नाही.

वरील मजकूर मी वाचून, समजून सही केली.

सही : महंमद हनीफ अ. मोमीन
वारस म्हणून संमती : फुरकान महंमद हनीफ मोमीन
साक्षीदार : १. सावळेराम बहिरू उकिर्डे, डिंगोरे
२. दानियाल इस्माईल अत्तार, जुन्नर

जुन्नर, दि. ११ फेब्रुवारी २०२५