न बघता केलेल्या दोन खुणा

मंगळवार, संध्याकाळ

आज मी एका आईशी खोटं बोलले. सविताचं बाळ नऊशे ग्रॅमचं. दूध पचत नाही म्हणून सगळं पोषण शिरेतून, हाडांसाठी त्यातच कॅल्शियम. दर तासाला पायातल्या सुईची जागा बघायची, हे नव्या सिस्टरना मीच शिकवते. आज दुपारी मात्र दोनदा न बघताच तक्त्यावर 'ठीक' अशी खूण केली. का? कंटाळा, दुसरं काय. मग बघितलं तर सुई निसटलेली, कॅल्शियम कातडीखाली उतरून पाऊल काळंनिळं झालेलं. डॉक्टरांना लगेच बोलावलं, पण त्या खुणांबद्दल गप्प राहिले.

चाकणच्या कंपनीत पॅकिंग करणारी सविता घाबरून म्हणाली, "ताई, हे कशानं झालं?"

"नाजूक कातडी असते यांची. होतं असं."

तिनं हात जोडले. "तुम्ही आहात म्हून जगलंय माझं लेकरू."

ते पाऊल... माझ्या अंगठ्याएवढं.

घरी निघालेली मी बसस्टॉपवरून परत वॉर्डात गेले. डॉक्टरांना आणि तिला, दोघांनाही खरं सांगितलं. जखम भरेल, व्रण राहील, असं डॉक्टर म्हणाले. निघताना मी बाळाकडे वळले, तेव्हा सविता त्याच्या काचेच्या पेटीसमोर आडवी उभी राहिली.