दुसरी निळी पट्टी

मंगळवार, २२ जुलै
पेनिकॉटच्या फोक फेस्टिव्हलला जायचं आमचं हे सव्विसावं वर्ष. रोझलिंडने आज चहा ओतता ओतता सांगितलं की यंदा ती जमिनीवर झोपणार नाही. वरच्या कुरणात आयते तंबू मिळतात, त्यातला एक तिने दोघांसाठी घेतलाय. आत दोन पलंग, गालिचा, आरसा. टॉयलेटात म्हणे ताजी फुलं. मी म्हणालो, पलंगावरच झोपायचं तर घरचा काय वाईट आहे? ती म्हणाली, पाठ. मी म्हणालो, तत्त्व. वरच्या कुरणात जायची माझी निळी मनगटपट्टी पाकिटात आली होती, ते न फोडता तिलाच परत दिलं.
संकल्प: आपला जुना हिरवा तंबू, जुनी जागा. एका रात्रीत कंटाळून खाली येईल.

गुरुवार, २४ जुलै, दुपारी ३
पोचलो. गेटवर फाटाफूट. ती छोट्या इलेक्ट्रिक गाडीत बसून वर गेली, मी सामान पाठीवर घेऊन खाली. कुंपणालगतची आमची जागा मोकळी होती. शुभशकुन.
तंबूचे खांब नाहीत. खालचं प्लास्टिकही नाही. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ते कोण भरायचं, आठवत नाही. रोझलिंडची स्लीपिंग बॅग मात्र मी आठवणीने आणली आहे.
शेजारच्या तंबूत बेथन नावाची मुलगी आहे, कार्डिफला नर्स. तिने छत्री दिली. एका टोकाला छत्री, दुसऱ्या टोकाला घडीची खुर्ची. तंबू उभा आहे असं म्हणता येईल. रोझलिंडची बॅग आत पसरली. तिचा मग बाहेर ठेवला.

शुक्रवार, सकाळी ७
पाऊस. झोप उत्तम, साधारण दीड तास. खरा फेस्टिव्हल तो हाच, वरच्या लोकांना काय कळणार? पायाच्या बोटांना काही जाणवत नाही. खरं तर बाकीचंही फारसं काही जाणवत नाही. सोयीचं आहे.
काड्यापेटी नाही. चहा बेथनकडे. तिने विचारलं, दुसरी बॅग कुणाची? म्हणालो, बायकोची, येईलच ती. बेथनने बिस्कीट दिलं.

शुक्रवार, संध्याकाळी ५
मोठ्या मांडवात नाच. रोझलिंड लांबून दिसली. बूट स्वच्छ. दोनतीन बायकांबरोबर हसत होती. झोप झाल्यासारखी वाटली, पण लांबून तसं वाटतंच. तिने हात केला, मीही केला. याच नाचात आमची ओळख झाली होती. काही वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मोजे ओले होते.

शनिवार, सकाळी ११
ती आली! म्हटलं नव्हतं?
तंबूकडे बघत उभी राहिली. छत्रीकडे जरा जास्तच वेळ.
"ठीक आहेस ना, लायनेल?"
"एकदम."
"ओल येत नाही आत?"
"छे. मस्त गारवा आहे."
तिचा हात रेनकोटच्या खिशात होता. निळी कड बाहेर डोकावत होती. तिने आत पसरलेली आपली बॅग पाहिली, बाहेरचा आपला मगही पाहिला. त्यात पाणी साचलं होतं, ते माझं ओतून टाकायचं राहिलं होतं.
"बरं," ती म्हणाली. "ठीक असशील तर ठीक."
"ठीक आहे," मी म्हणालो.
गेली. आमच्यात हे असंच आहे. माणूस बुडत असला तरी काठावरच्याला हात हलवून सांगतो, ठीक आहे. तिची आई गेली तेव्हाही आम्ही दोघं आठवडाभर एकमेकांना तेच सांगत होतो.
पट्टी तिने काढून द्यायला हवी होती. मी का मागायची? पण पुरती वरमलेली दिसली बिचारी.

शनिवार, दुपारी ४
खुर्ची मोडली. अर्धा तंबू खाली. अर्ध्यात बसून लिहितोय.
संकल्प: उद्या वर जायचं. माझ्यासाठी नाही. तिला एकटं वाटत असेल.

रविवार, सकाळी ११
गेलो. गेटवरच्या माणसाने मनगट मागितलं. माझी पट्टी करडी, खालच्या कुरणाची. म्हणालो, सहज फिरतोय. बाजूला रांग दिसली, तीत उभा राहिलो. रांग कशाची आहे ते विचारायची पद्धत नाही. चाळीस मिनिटांनी कळलं, वरच्या तंबूंच्या बुकिंगमधले बदल करायची.
खिडकीतल्या मुलीने नाव विचारलं. सांगितलं. ती हसली.
"आहे ना. दुसरा पलंग तुमचाच होता."
मी म्हणालो, होता?
"बाईंनी दोन दिवस तसाच ठेवायला सांगितला होता. काल दुपारी येऊन सोडला. स्टॉकपोर्टच्या एका बाईंचा तंबू वाहून गेला, त्यांना दिला." मग तिने विचारलं, आणखी काही मदत करू का?
म्हणालो, नाही, ठीक आहे. थँक यू. सॉरी. मागे लोक ताटकळले होते.

रविवार, दुपारी १
बेथनची छत्री परत केली. एक काडी वाकली आहे. ती म्हणाली राहू द्या. रोझलिंडचा मग पिशवीत भरला. तो कोरडा होता, काल पाणी ओतून उलटा ठेवल्यामुळे.

सोमवार, २८ जुलै
घरी. साडेतीन तास गाडी. रोझलिंडला छान झोप लागली. स्टॉकपोर्टच्या बाईंचं नाव अ‍ॅव्हरिल, घोरतात, पण गमत्या आहेत. पुढच्या वर्षीचा तंबू दोघींनी घेऊनही टाकलाय. मी म्हणालो, छान.
दार उघडलं तर समोरच खांबांची पिशवी. खालचं प्लास्टिक घडी करून वर बांधलेलं, काड्यापेटीसुद्धा. चिठ्ठी तिच्या अक्षरात: लायनेल, हे विसरू नकोस. गुरुवारी मी ती पिशवी ओलांडूनच गेलो असणार.
ती चहा करायला आत गेली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, रोझलिंड, मी ठीक नाहीये.
किटली उकळत होती. तिला ऐकू गेलं नसावं. साखर हवी का, तिने विचारलं.
नको म्हणालो.