बेडकांचं बिऱ्हाड

बीडीडी चाळ, नायगाव

नाही वहिनी, दोन बेडकांवर रागावून कोणी माहेरी जात नाही! दादाला तुम्ही 'आईला बरं नाही' सांगितलंत, त्याने मानलं. मी मानणार नाही. (नमस्कार आधी लिहायचा राहिला. साष्टांग समजा. आईंना बरं नसेल तर लवकर बरं वाटो. बरं असेल तर माझं म्हणणं खरं.)

मुळात बेडूक तुमच्याच माहेरचे. तुमच्या बाबांनी वेंगुर्ल्याहून बोटीने केळीचा घड पाठवला, त्यात निघाले. तुम्ही म्हणालात, बागेत सोडून या. मीच म्हटलं, पाळू. माझ्या कथा कोणी छापत नाही, निदान बेडूक तरी जगवून दाखवू.

झाडावरच्या बेडकांना तळं नको, उभी हवेशीर जागा हवी. म्हणून तुमचं दुधाचं जाळीचं कपाट घेतलं. (दूध त्या दिवसापासून मांजराचं झालं.) आत फांद्या, ओला काथ्या, केळीचं पान. नळाच्या पाण्याला औषधाचा वास, म्हणून ते रात्रभर माठात ठेवायचं, माठही तुमचाच. खायला जिवंत किडे. त्यासाठी मी कामगार मैदानावरच्या सभांना रोज जायला लागलो, तर दादाने शेजारच्या कमळाबाईंना छाती फुगवून सांगितलं, "आमचा जगू सुधारला!" मी दिव्याखाली बरणीत पाखरं धरत होतो. लोक 'झालाच पाहिजे' ओरडले की ती उडायची, एवढीच माझी चळवळीबद्दल तक्रार.

एवढं करून बेडूक मुके! मग पुस्तकात वाचलं, त्यांना आडोसा लागतो. सारखं कोणीतरी बघत असलं की ते खंगतात. आपल्या खोलीत आडोसा एकच, तुमच्या नि दादाच्या अंथरुणापुढचा पडदा. मी तो काढला, भिजवला, कपाटाला लावला. आणि एका संध्याकाळी त्यातला एक बोलला, टक् टक् टक्, तुमच्या माडांत बोलतो तसा. अख्खा मजला दारात. कमळाबाई म्हणाल्या, "मेल्या, आता पाळणा बांध!"

तुम्ही तेवढं म्हणालात, "भावोजीनू, बेडकांक घर गावला. माका कधी गावतला?" मी हसलो. वाक्य चांगलं म्हणून वहीत उतरवूनही घेतलं. तुम्ही ट्रंक काढलीत तेव्हा मी केळीच्या पानावर पाणी शिंपडत होतो.

परत या असं मी म्हणत नाही. तो अधिकार मला राहिला नाही.

तुमचा
जगदीश

ता. क. बेडूक ठाकूरद्वारला मित्राच्या वाडीत, विहिरीकाठच्या झाडावर सोडले. एकाने वळूनही पाहिलं नाही.

आणखी ता. क. दादा जेवायला तीन पाट मांडतो, मग एक हळूच भिंतीला लावतो. वहिनी, परत या.

शेवटचं. खोली तुम्हां दोघांची. माझी वळकटी बांधून झाली. कुठे चाललो ते लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही 'जाऊ नका' म्हणून कळवाल, आणि मी तेवढ्याचीच वाट बघतोय. पत्र पेटीत टाकतो नि तसाच पुढे जातो.