सरांच्या गाडीचा बंपर

सर, तुमची गाडी परवा माझ्या शेडमध्ये आली. लोणारहून सुलतानपूरकडे निघालं की डाव्या हाताला टिनाचं शेड लागतं, ते माझं. गाड्यांचं काळं प्लास्टिक उन्हानं पांढरं पडतं, बंपर, दाराच्या पट्ट्या, आरशांची टोपणं. ते मी परत काळं करून देतो. तुम्ही गेलात तेव्हा हे शेड नव्हतं, मी कॉलेज सोडून घरी बसलो होतो आणि तुमच्या मयतीला मुद्दाम आलो नव्हतो. हे लिहिलेलं तुमच्यापर्यंत पोचणार नाही, एवढं मला कळतं. पोचणार असतं तर इतकं नीट लिहिलं नसतं, चार शिव्या घातल्या असत्या.

गाडी घेऊन आली ती तुमची मुलगी. नोकरीला अकोल्याला असते, लग्न ठरलंय, हे सगळं गावाला माहीत आहे तसं मलाही माहीत होतं. पण ती माझ्या दारात गाडी थांबवून उतरेल असं काही मी धरून चाललो नव्हतो. उतरली आणि म्हणाली, "काऊन रे, ओळखलं नाही का?" मी म्हणालो, "गाडी ओळखली." ती हसली. शेगावचा एक लॉजवाला गाडी घेतोय, पण हे पांढरं पडलेलं काळं करून द्या मग नेतो म्हणतोय, असं तिनं सांगितलं. "वरवर मार काहीतरी. विकायचीच तं आहे." मी म्हणालो, "वरवर मारायचं असन तं किराणा दुकानातून खोबरेल घेऊन जा. तुझे बाबा तेच लावत होते."

लावत होते म्हणजे आमच्या हातानं. रविवारी ट्यूशन सुटली की बाकीची पोरं घरी जायची आणि तुम्ही मला हाक मारायचे. बंपरवर डिझेलची चिंधी, पट्ट्यांवर खोबरेल. "असं घास की तोंड दिसलं पाहिजे," म्हणत तुम्ही ओट्यावर पेपर वाचत बसायचे. शेगावला दर्शनाला जायचं तर गाडी नव्यासारखी पाहिजे, हा तुमचा हट्ट. ट्यूशनच्या पोरांनी सरांची गाडी पुसायची ही तेव्हा रीतच होती, कोणाच्या बापाला त्यात काही वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं, कारण स्वयंपाकघरातून काकू चहा द्यायच्या आणि तो घेऊन ती बाहेर यायची. एका रविवारी चहाचा गिलास तुम्ही स्वतःच घेऊन आलात. माझ्यासमोर ठेवला आणि म्हणालात, "गाडी पुसायला येतो का चहा प्यायला?" चहा तसाच ठेवून बंपर इतका घासला की खांदा दुखला. पुढं संभाजीनगरला एका दुकानात हे काम शिकलो तेव्हा कळलं की डिझेलनं प्लास्टिक त्या दिवसापुरतं चमकतं, मग धूळ धरतं आणि आणखीच भुरकं दिसतं. तेव्हा तुमची आठवण येऊन मी हसलो होतो. ते हसणं काही चांगलं नव्हतं.

पण चहाचं राहू द्या. मी जे इतकी वर्षं पोटात ठेवलं ते प्रिन्सिपलच्या ऑफिसातलं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी वर्गातल्या एका पोराचं तोंड फोडलं. तो तिच्याबद्दल जे बोलला ते मी तेव्हाही कोणाला सांगितलं नाही, आताही लिहिणार नाही. ऑफिसात विचारलं, काऊन मारलं? मी गप्प. बापाला बोलवा म्हणाले. माझा बाप तेव्हा वांग्याच्या वावरात होता आणि आला असता तर त्यानं मला तिथंच तुडवलं असतं. म्हणून मी म्हणालो, शाळेतल्या सरांना बोलवा, ते मला ओळखतात. तुम्ही आलात. इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची चावी. प्रिन्सिपलनी विचारलं, "तुमचा विद्यार्थी आहे म्हणतो." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "शाळेत होता. आता माझा याच्याशी काही संबंध नाही." आणि निघून गेलात. खिडकीतून तुमची गाडी जाताना दिसली, बंपर उन्हात चमकत होता, मी पुसायचो तोच. माफीनामा लिहून दे आणि वर्गात बस, एवढंच कॉलेजचं म्हणणं होतं. मी लिहिला नाही. दप्तर उचललं ते उचललंच. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. भांडायलाही माणूस उरला नाही.

तर परवा मी तुमचा बंपर धुतोय आणि ती शेडखाली खुर्ची ओढून बसलीय. ब्रश मारला तसं पाणी चहासारखं निघालं. मागची नंबरप्लेट काढली तर तिच्याखालचं प्लास्टिक कोरं काळं, शोरूममधून आणलं त्या दिवशीचं. ते मी तिला दाखवलं. ती म्हणाली, "बाबाले दाखवायला पाहिजे होतं." मग मी हीट गन चालू केली. गरम हवा फिरवत नेली की भुरकेपणा जातो आणि आतला काळा रंग वर येतो, मग त्यावर कोटिंग द्यायचं. हात थांबू द्यायचा नाही एवढंच. तिच्याकडे पाठ होती म्हणून विचारता आलं. "सरांनी तुले कधी सांगितलं का, मी त्या पोराला काऊन मारलं ते?"

ती म्हणाली, "बाबा मले काय सांगतील? मीच बाबाले सांगितलं. माझ्या मैत्रिणीनं ऐकलं होतं सगळं."

"मग?"

"मग काय. कॉलेजातून फोन आला तं बाबा निघाले. म्हणत होते, पोरगं गरम डोक्याचं आहे पण खोटं नाही, मी सांगतो त्यायले. चप्पल घालेपर्यंत हेच चालू होतं. मी रडाले लागली. म्हटलं, तुम्ही त्याची बाजू घेतली तं गावभर माझंच नाव होईन. काही संबंध नाही म्हणून सांगा अन् या."

हीट गन एका जागी थांबली होती. वास आला तेव्हा मी हात काढला. कोपऱ्यावर बोटभर जागा काचेसारखी गुळगुळीत झाली होती, प्लास्टिकचा दाणा वितळला की तो परत येत नाही. ती उठून जवळ आली. "लॉजवाल्याले दिसन का?" मी म्हणालो, "त्याले नाही दिसणार." ती परत खुर्चीत जाऊन बसली. मग म्हणाली, "घरी येऊन बाबा जेवले नाही त्या दिवशी. पण तुले तं कोणी धरून ठेवलं नव्हतं ना? दोन ओळी लिहून द्यायच्या अन् बसायचं होतं वर्गात. राग तुझा, अन् नाव बाबाचं." मी गन बंद केली. बोललो असतो तर गन फेकून बोललो असतो.

कोटिंग दिलं, पुसलं, प्लेट बसवली. एक दिवस पाणी लागू देऊ नको म्हणालो. तिनं आरशात बघून ओढणी नीट केली, "येजो लग्नाले," म्हणाली आणि गेली. गाडी चांगली झाली, सर. डिझेलनं कधी झाली नव्हती इतकी.

तेव्हापासून मी एकच काम करून राह्यलो आहे. तुमच्यावरचा राग उचलून तिच्यावर ठेवून बघतो. हिशेबानं तो तिचाच आहे, थोडा माझा आहे. पण ठेवायला जातो आणि ती खुर्चीत बसलेली दिसते, नाकावरचा घाम पुसताना, आणि माझ्याच्यानं होत नाही. तुमच्यावर बरोबर बसतो, सवयीचा आहे. तुम्हाला त्या दिवशी घास गेला नाही, हे आता मला माहीत आहे, तरीही. हे काकूंना नेऊन द्यावं असं एकदा मनात आलं होतं, पण त्या तिला वाचून दाखवतील. म्हणून देणार नाही. आणि राग, सर, तिचं लग्न होईपर्यंत तुमच्यावरच राहू द्या. पुढचं मला अजून माहीत नाही.