पोटरीवरची पट्टी

पिंपळे सौदागर,
रविवार

प्रिय शालनबाई (वर्गाची मॉनिटर होतीस, म्हणून अजून 'बाई'),

सप्रेम जयभीम. दिघीत सगळे कसे आहेत, तुझे गुडघे काय म्हणतात, भाऊजी अजून चोरून साखर खातात का, ते सविस्तर कळव. मी बरी आहे असं लिहिणार होते, पण तसं नाही.

आमचा बुद्धरत्न चाकणहून शिफ्ट करून आला, लगेच त्याच्या मागे मोटरसायकलवर बसायला गेले आणि तापलेला सायलेन्सर पोटरीला लागला. (साडी वाचली.) आता कातडी भरून कशी येते, यावरच सूनबाईचा, मिनलचा, प्रयोगशाळेत अभ्यास. ती सांगते, आपल्या पेशी डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्या पिशव्या बाहेर सोडतात. त्यांत शेजारच्या पेशींना निरोप असतात: इथे जखम आहे, सरका, वाढा, भरून काढा. आपल्या दापोडीच्या गल्लीत घरोघर वाट्या फिरायच्या, तसंच की गं! मला भरूनच आलं. एवढी वर्षं माझ्या अंगात शेजारधर्म चालू होता आणि मला पत्ता नाही.

जखमेच्या पाण्यातल्या त्या पिशव्या मिनलला हव्या होत्या. डॉक्टरांची परवानगी, माझी सही, सगळं झालेलं. म्हणाली, "आई, पट्टी काढली की या डबीत ठेवा." पण शालन, सुनेच्या ऑफिसात आपली घाण पाठवायची? आपल्या मिशनच्या शाळेत सिस्टरनी मळका रुमालसुद्धा कुणाच्या हाती देऊ दिला नव्हता. मी पट्टी साबणाने चोळली, जंतुनाशकात बुडवली, गॅलरीत वाळवली आणि चौकोनी घडी घालून डबीत ठेवली.

"आई, ही नवी आहे का?"

"छे गं, तीच. धुतली."

"इस्त्रीसुद्धा?"

"कडक."

पोरीने आत जाऊन दार लावलं. तेव्हापासून "जेवलात का" याच्यापलीकडे शब्द नाही. आणि माझी जखम मेली नेमकी आताच भरून आली, दुसरी पट्टी देऊ कुठून? हा अबोला पोटरीपेक्षा जास्त झोंबतो.

तुझी,
मंजुषा

ता.क. तू स्कूटरवरून पडलीस असं कळलं. फार वाईट वाटलं. जखम ओली आहे का? असेल तर मंगळवारी इकडे येईपर्यंत बरी होऊ नकोस, आणि पट्टी घेऊन ये.

ता.क. (दुसरा) पत्र मिनलने वाचलं. अशी कुणाचीही पट्टी चालत नाही म्हणे. "राग होता," म्हणाली, "पण माझ्यासाठी मैत्रिणीला आजारी ठेवायला निघालेल्या सासूवर किती दिवस रागवायचं?" तेव्हा पट्टी नको. बरी झाली असलीस तरी ये.