माळवदावरचं लुगडं

३ जून १९६४
चौथा दिवस. न्हाले. सासूबाईंनी लगेच तांबडं लुगडं माळवदावर वाळत टाकलं — म्हणजे मळ्यातल्या लेकाला निरोप, आज घरी निजायला ये! साऱ्या आळीला कळतं. लाजेनं मेले. ‘वल हाय तवर पेरायचं,’ म्हणतात. मी काय वावर आहे?

७ जून
हे परत मळ्यात, बैलांपाशी. न्हाल्यावर चारच रात्री घरी — सासूबाईंचा नेम! दिवाळीपर्यंत दिवस राहिले नाहीत तर जतची मुलगी आणणार, माझ्या तोंडावर म्हणाल्या. हरणाताईलाही असंच बोलायच्या म्हणे. ती यांची पहिली बायको. मूलबाळ न होताच तापानं गेली. तिच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात असतो. सवतीचा मान! निजले की छातीला गार लागतो.

९ जून
वडूजच्या बाजाराला गेले, तशीच दवाखान्यात शिरले. नर्सबाईंनी समजावलं — न्हाल्या न्हाल्या मूल राहणं अवघड. दोन पाळ्यांच्या मधोमध बीज सुटतं, राहायचं ते त्याच सुमाराला. आणि नेमके तेव्हाच हे मळ्यात! हसू का रडू?
कुणाच्या घरची, विचारलं. सांगितलं तर बाई टाकाकडे बघत राहिल्या. ‘हरणाबाई आली होती. तिलाही हेच सांगितलं होतं मी.’

१० जून
सासूबाईंना सांगून पाहिलं. ‘नर्सचं ऐकून पोरं व्हत्यात व्हय? गप भाकरी थाप!’ संपलं.

१२ जून
सासूबाई जतला गेल्या. मुलगी बघायलाच! तांबडं लुगडं ट्रंकेत, किल्ली त्यांच्या कमरेला. मधले दिवस आले. यांना बोलावू कशी? मळ्यात सारी भावकी. कोणत्या तोंडानं जाऊ?

१३ जून
दिवेलागणीला हे दारात!
‘आई आली व्हय? लुगडं दिसलं म्हणून आलो.’
कुठलं लुगडं?
‘हिरवं. लय फडफडत हुतं.’
वारा नव्हता. शिडीनं वर गेले. काही नाही. माळवदाची माती मात्र ओली, आत्ताच कुणी लुगडं काढून नेल्यासारखी. पावसाचा पत्ता नाही! खाली आले. म्हटलं, मीच टाकलं होतं. भाकरी वाढली. परत जा म्हटलं नाही.

१ जुलै
बाजूला बसले नाही!

२६ जुलै
दुसराही महिना चुकला. सकाळपासून ओकाऱ्या. सासूबाईंनी तोंडात साखर घातली. जतचं नाव आता काढत नाहीत.

२७ जुलै
धीर करून सासूबाईंना विचारलं — आत्याबाई, घरात हिरवं लुगडं कुणाचं?
पाखडता पाखडता त्या थांबल्या. ‘हरणीचं. सवाष्ण गेली. सरणावर त्येच नेसवलं तिला.’ सूप खाली ठेवून — ‘मधल्या दिसांचं लय सांगायची ती. मीच ऐकलं न्हाई.’
टाक मुठीत धरला. ताई, पोचला गं निरोप.