लाल की निळी

३ मार्च, मंगळवार
आणली! लाल, उघड्या टपाची, दोनच माणसांची गाडी. दादानं भोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "हे खेळणं कशाला? माझ्यासारखी टर्बो घ्यायचीस." त्याची निळी — ताकद जवळजवळ दुप्पट, पण वजनही अडीचशे किलो जास्त. बघू!

५ मार्च, गुरुवार
दिवसभर शाळेची बस चालवली. संध्याकाळी बसमधून उतरून लालमध्ये बसले, तर गाडी कसली, पायात चपला सरकवल्यासारखं वाटलं! गिअर नुसत्या मनगटानं पडतो. स्टिअरिंग जरा हलवलं की नाक वळतं.

आई म्हणते, "चाळिशी उलटली, आता कसले हे थेर?" दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्यानं गाडी पळवली की ती हौस, मी पळवली की थेर!

८ मार्च, रविवार
दोन्ही गाड्या ट्रॅकवर. सरळ पट्ट्यात निळी अशी गेली की मी जागच्या जागी उभी आहे असं वाटावं. पण वळणं आली की मी तिच्या शेपटीला! थोड्या फेऱ्यांत निळीचे ब्रेक तापले, पेडल मऊ पडलं, दादा बाहेर. मी फिरतच होते. म्हणतो, पॅड जुने होते. नाचता येईना, अंगण वाकडं!

९ मार्च, सोमवार
जेवताना दादाशी वाजलं. मोटार क्लबवाले बावीसला मोकळ्या मैदानात प्लास्टिकचे शंकू लावणार आहेत. एकेकानं त्यातून नागमोडी पळायचं, वेळ घड्याळ सांगणार. शंकू पाडला तर दोन सेकंदांचा दंड. तिथं सरळ पट्टाच नाही. मी म्हणाले, "तिथं तुला हरवते."

"आणि हरलीस तर?"

"तर विकते लाल!"

वहिनीनं डोक्याला हात लावला — "लहान आहात का दोघं?" तोंडातून गेलं ते गेलं. माघार घेणार नाही.

१४ मार्च, शनिवार
क्लबात जो भेटतो तो सांगतो, निळीच घ्यायची होती. तुमची तुम्ही घ्या ना!

२२ मार्च, रविवार
हरले. पाऊण सेकंदानं. एकही शंकू न पाडता हरले!

दादा हसला नाही, ते जास्त झोंबलं. म्हणाला, "बघू तरी, एवढं काय आहे हिच्यात." दिली किल्ली. पठ्ठ्यानं लाल पळवली — निळीत लागला होता त्यापेक्षा पुरा एक सेकंद कमी! म्हणजे गाडीबद्दल मीच बरोबर होते. उतरला आणि हेल्मेट काढायचंही विसरला.

मग मी का हरले? वहिनी कडेला उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, "अगं, मागं चाळीस पोरं बसल्यासारखी वळतेस तू." खरंच की! लांबलचक बस वळवायची तर आधी बाहेर काढावी लागते. हाताला तेच वळण लागलंय. शंकू पडणार कुठून, मी त्यांच्या जवळपासही फिरकले नाही!

घरी येऊन रडले. दुःखानं नाही, संतापानं. एवढी गुणाची गाडी, आणि माझ्या खोडीपायी जाणार!

२३ मार्च, सोमवार
बस काढायला निघाले तर दादा दारात. "विकणारच आहेस तर मला दे."

"नाही विकत."

"शब्द दिला होतास!"

"दिला होता. मोडला. जा, सांग आईला! आणि लाल हवी असेल तर स्वतःची शोध."

बुटाच्या टोकानं पायरी खरवडली. मग विचारतो कसा — "कुठं मिळेल?"